नावाखालची चौकट

बोरआळी, आगाशीजवळ
१२ नोव्हेंबर २००५

चि. कॉन्रॅड यास,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला, मनातून दिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? मी जरा आवाज चढवला की मस्कतची लाइन खराब होते. म्हणून हे पत्र. पलीकडच्या आळीतला एक जण परवा सुट्टी संपवून तिकडे परत चाललाय, त्याच्या हातून पाठवते आहे. दर वेळी माझ्या पत्राबरोबर मसाल्याची बाटली असते. या वेळी नाही. उगाच पिशवी उलटीपालटी करत बसू नकोस.

आपल्या उन्नतीचं लग्न जानेवारीत आहे. सेबॅस्टियन बोटीवर कामाला. जानेवारी संपायच्या आत त्याला बोट गाठायची आहे आणि पुढची सुट्टी कधी ते बोटवाल्यांच्या मनावर. म्हणून सगळं कसं वेळेवर धरलं होतं. गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेत पहिली पुकार झाली. फादरांनी नेहमीसारखं वाचलं, की बोरआळीची उन्नती आणि नायगावकडचा सेबॅस्टियन यांचा विवाह ठरला आहे, कुणाला काही हरकत ठाऊक असल्यास धर्मगुरूंना कळवावी. मी नवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसले होते. उन्नतीचे बाबा असते तर त्यांनी मागे वळून सगळ्या चर्चकडे पाहिलं असतं. मी नुसती मान खाली घालून हसले.

आता तूच सांग, ही पुकार आपल्याकडे कशी चालते? तीन रविवार नावं वाचायची. कुणाच्या पोटात काही असेल तर त्याने फादरच्या ऑफिसात जायचं, आत शिरून मागे दार लोटायचं आणि फादरच्या कानात सांगायचं. दार लोटून, कॉन्रॅड! आपल्या आजीच्या आजीपासून ते दार लोटलेलं आहे. तू एका शुक्रवारी बसलास आणि ते दार चौकटीसकट उखडून टाकलंस.

तुझ्या त्या चर्चच्या वेबसाइटवर तू पुकार लावलीस. लाव बाबा, परदेशातल्या लोकांना कळू दे. पण त्याच्या खाली रिकामी चौकट कशाला ठेवलीस? आपले मत येथे लिहा म्हणे. माझ्या मुलीच्या लग्नावर मत! वर हरकत असेल तर कळवा, खाली मत लिहा. मग लोक काय गप्प बसतील? आपल्या माणसांना मत विचारायचा अवकाश.

मंगळवारी सेबॅस्टियनच्या आईचा, हंसाबाईंचा, फोन आला. त्यांच्या धाकट्या मुलाने कुवेतहून त्यांना कळवलं होतं. त्यांचा आवाज थंड होता. त्यांनी एवढंच विचारलं, की तुमची मुलगी नन होती का. मी काहीतरी बोलले, काय ते मलाही आठवत नाही. मग उन्नतीला घेऊन विरारला सायबर कॅफेत गेले. तिथे आजूबाजूला कॉलेजची पोरं गेम खेळतायत, आणि मधे मी, लुगडं सावरत, स्वतःच्या पोरीची अब्रू काचेवर वाचतेय. कुणी एका हितचिंतकाने लिहिलं होतं, की सदर मुलीने मठात जाऊन व्रते घेतल्याचे समजते, तरी विवाहापूर्वी चौकशी व्हावी. त्याच्या खाली दुसऱ्याने विचारलेलं, सिस्टर उन्नती पळाली कधी? तिसऱ्याने नुसती हसणारी तोंडं काढलेली. आणि बहारीनच्या एका मेल्याने जे लिहिलं होतं ते मी कागदावर उतरवणार नाही.

उन्नतीने ते शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. तिचं ते तसं बाहेर उभं राहणं मला तुझ्यावर जास्त राग आणतं.

पत्र मिळताच ते सगळं काढून टाक. आणि तो हितचिंतक कोण ते शोध. त्याच्या घरी मी स्वतः जाणार आहे, मग तो चंद्रावर राहत असला तरी.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही ते आता तुझ्या हातात.

फ्लॉसी


मस्कत
१७ नोव्हेंबर २००५

ती. फ्लॉसीबायस,
कॉन्रॅडचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मसाल्याची बाटली मी शोधली नाही असं लिहिणार होतो, पण शोधली.

बाय, सगळं काढून टाकलं आहे. उन्नतीचं पानच काढलं. तिला माझ्यामुळे त्रास झाला याचं मला फार वाईट वाटतं. पण तू लिहिलंस तसा मी काही चौकट मुद्दाम ठेवायला बसलो नव्हतो. ती चौकट प्रत्येक पानाखाली आपोआप येते. सणाच्या फोटोंखाली येते, म्हणून पुकारीखालीही आली. मयताच्या बातमीखालीसुद्धा येते. गेल्या महिन्यात तिथे कुणी फोटो छान आहे असं लिहून गेलं, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आता माझंही ऐक. गावात पॅरिश कौन्सिलवाल्यांनी ज्युबिलीच्या वेळी माझ्या गळ्यात हार घातला आणि हे काम गळ्यात मारलं. त्यानंतर एकाने वेबसाइटकडे ढुंकून पाहिलं नाही. इथे शुक्रवारची सुट्टी, माणसं समुद्रावर जातात, मी खोलीत बसून तुमच्या चर्चचं काम करतो. मिस्सेच्या वेळा पाठवा म्हणून किती वेळा विनवलं! कुणी पाठवत नाही. गावाला वाटतं वेबसाइट म्हणजे वेशीवरची कमान, एकदा बांधली की झालं. आणि चूक झाली की मात्र कॉन्रॅडला झोडपा.

हितचिंतक सापडला. ती चौकट भरताना ईमेल लिहावा लागतो, तो फक्त मला दिसतो. मन घट्ट कर. तो आपला प्लासिडमामा आहे, टोरोंटोचा, आईचा चुलत भाऊ. मी लगेच त्याला फोन लावला आणि मोठ्या माणसाशी बोलू नये तसं बोललो. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं गं, म्हणून आणखी चीड येते. त्याचं म्हणणं असं, की पुकार ऐकूनही माहीत असलेली गोष्ट दडवणं हे पाप आहे, आणि ती चौकट भरली की कागद थेट फादरच्या टेबलावर जातो असं त्याला वाटलं. त्याने आपल्या समजुतीने दार लोटूनच सांगितलं होतं. ते दार नसून खिडकी आहे, आणि खिडकीखाली सारं आखात उभं आहे, हे त्याला कळलंच नाही. आणि व्रतांचं त्याला कुणी सांगितलं? तूच त्याला नाताळच्या कार्डात उन्नतीचा पांढऱ्या कपड्यांतला फोटो पाठवला होतास. घरात एक तरी सिस्टर होणार म्हणून तेव्हा तू किती मिरवत होतीस! पुढे ती व्रतं न घेताच परत आली, हे मात्र तू टोरोंटोला कळवलं नाहीस.

राग येईल, पण विचारतोच. सोयरीक जुळवताना हंसाबाईंना तू काय सांगितलंस? मठातली ती दीड वर्षं उन्नती नाशिकला डी.एड. करत होती असंच ना? डी.एड. तिने नंतर ठाण्याला केलं. मठात राहून आलेल्या मुलीने काय गुन्हा केला होता, म्हणून तो लपवायचा? चौकट मी उघडी ठेवली हे खरं. पण तिच्यात टाकायला गोष्ट तू तयार ठेवली होतीस.

लोभ कमी झाला असला तरी तोडू नये ही विनंती.

तुझा
कॉन्रॅड


बोरआळी
२२ नोव्हेंबर २००५

कॉन्रॅड,
आशीर्वाद गृहीत धर.

तू माझी उलटतपासणी घ्यायला निघालास होय? वकील व्हायचं होतंस, कॉम्प्युटरात कशाला गेलास? पोरीची आई एकटी असली म्हणजे सोयरिकीला आलेली माणसं भिंतीचा रंगसुद्धा नखाने खरवडून बघतात. मठातून परत आली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, का परत आली, काय झालं होतं. मला तो प्रश्न माझ्या ओट्यावर नको होता. बस. याच्यावर मी तुझ्याशी आणखी एक अक्षर बोलणार नाही.

आणि तू सगळं काढून टाकलंस, त्याने काय झालं ते ऐक. सायबर कॅफेतून कुणीतरी त्या पानाचा प्रिंट काढून ठेवला होता. तो आता आगाशीच्या बाजारात कोळणींच्या टोपल्यांपर्यंत पोचलाय. पान नाहीसं झाल्यावर लोक म्हणू लागले, की बघा, खरं होतं म्हणूनच मामाने पुसलं. आधी निदान कुणी विचारलं तर दाखवायला होतं, की हे बघ, हे खोटं लिहिलंय. आता हवेत कुणाशी भांडू? तुला लावायच्या आधी विचारायचं सुचलं नाही, काढायच्या आधीही सुचलं नाही. मी काढ म्हटलं हे खरं. पण मी बाजारात केळी विकणारी बाई. तुला तरी अक्कल हवी होती ना!

परवाच्या रविवारचं सांगते. तिसरी पुकार होती. दुसरी तेरा तारखेला कशीबशी झाली, लोक माना वळवून बघत होते, पण झाली. तिसऱ्याला मी पुन्हा पुढे बसले. मागे बसले असते तर लोकांना वाटलं असतं की लाजले. फादरांनी कागद उघडला. एक जोडपं वाचलं. दुसरं वाचलं. कागद मिटला. उन्नतीचं नाव आलंच नाही. अख्खं चर्च वाट बघत होतं. कॉन्रॅड, माणसं खोकायचीही थांबली होती. उन्नती गायकवृंदात उभी होती, सगळ्यांच्या समोर, हातात गाण्याचं पुस्तक धरून. पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मिस्सा सुटल्यावर मी फादरच्या ऑफिसात गेले आणि दार लोटलं. ते म्हणाले, की हरकत कोणत्याही वाटेने आलेली असो, आली की तिची चौकशी करणं त्यांना भाग आहे. मठातल्या मदर सुपिरियरचं लेखी उत्तर आल्याशिवाय तिसरी पुकार नाही, आणि तिसऱ्या पुकारीशिवाय लग्न नाही. नाताळच्या आत उत्तर येईलच अशी खात्री ते देईनात. मी त्यांना विचारलं, की हे मला काल का सांगितलं नाही, घर चर्चपासून हाकेवर आहे, भर चर्चमध्ये माझ्या पोरीला का उभं केलंत. त्यावर ते म्हणाले, की कौन्सिलने तुम्हाला ईमेलने कळवलं होतं. माझ्या घरात ईमेल कुठे ठेवलाय तेवढं मला कुणी दाखवा! एक कॉम्प्युटर आला आणि सगळ्या गावाचे पाय मोडले काय? चार पावलं चालत येऊन सांगायला कुणी उरलं नाही?

हंसाबाईंनी निरोप पाठवलाय की सध्या आमच्याकडे येऊ नका. सेबॅस्टियन रोज येऊन ओट्यावर बसतो बिचारा, पण आईपुढे त्याचं चालत नाही. तो बोटीवर गेला की हे लग्न गेलंच समज.

आणि तुझ्या त्या मिस्सेच्या वेळा! त्याच रविवारी बोरिवलीहून एक म्हातारा-म्हातारी तुझी वेबसाइट बघून सात वाजता आली. मिस्सा आता साडेसहाला असते. ती दोघं दारात उभी, आणि लोक बाहेर पडतायत. फिरणारा क्रूस लावायला येतो, घंटेचं संगीत लावायला येतं, वेळ तेवढी बरोबर लावता येत नाही.

लोभाचं नंतर बघू.

फ्लॉसी


मस्कत
२९ नोव्हेंबर २००५

ती. फ्लॉसीबायस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गायकवृंदाचं वाचून खोलीतल्या माणसांवरच ओरडलो.

वेबसाइट मी बंद करतो आहे. कायमची. तुझं उत्तर आलं की त्याच शुक्रवारी. फादरनाही कळवतो, आणि या वेळी चांगलं चार पानी पत्र लिहून कळवतो. एवढी वर्षं वेबसाइट बघणाऱ्यांचा आकडा वाढताना बघत बसलो, आज इतकी माणसं आली, उद्या तितकी येतील. ती कशाला येतात हे विचारलंच नाही. आपण चर्च बांधतोय असं वाटायचं. नुसता चव्हाटा बांधला.

बंद करण्याआधी एक करू का? पहिल्याच पानावर मोठ्या लाल अक्षरांत जाहीर करतो, की उन्नतीने कोणतीही व्रते घेतलेली नव्हती आणि तिच्यावरचे आरोप खोटे आहेत. प्लासिडमामाही माफी मागायला तयार आहे. ती तिथेच टाकू म्हणतो, म्हणजे ज्यांनी वाचलं त्या सगळ्यांना कळेल. तू आणि उन्नती हो म्हणालात तरच. या वेळी विचारून करतो आहे.

तू म्हणशील ते ऐकेन. पण उत्तर दे.

तुझा
कॉन्रॅड


बोरआळी
६ डिसेंबर २००५

प्रिय कॉन्रॅडमामा,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

आई लिहायला बसली होती, पण दोनदा कागद फाडला, म्हणून मी लिहिते. माझ्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं, बोललं, वाचलं, लपवलं आणि पुसलं. आता जरा मी लिहिते.

लाल अक्षरांत काही टाकू नकोस. मला निर्दोष ठरवायला मी केलंय काय? मठात जाणं हा आरोप कधीपासून झाला? प्लासिड आजोबांची माफीही तिथे नको. मामा, मला तुम्हा सगळ्यांचा इतका राग आला होता की एक दिवस मी शाळेतल्या पोरांवर कारण नसताना खेकसले. तुझा आला, कारण तू माझं नाव लावताना मला विचारलं नाहीस आणि काढतानाही नाही. आजोबांचा आला, कारण त्यांना माझी एवढी काळजी होती तर माझा फोन नंबर त्यांच्याकडे होता. फादरांचा आला. आणि आईचा सगळ्यांत जास्त, कारण ती माझी लाज बाळगते हे मला त्या चौकटीमुळे कळलं.

गेल्या बुधवारी मी शाळेतून परस्पर हंसाबाईंच्या घरी गेले. आईला सांगितलं नाही, सेबीलाही नाही. त्या मागच्या पडवीत मासे साफ करत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, म्हणून मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बारावीनंतर मी आपल्या मनाने मठात गेले, दीड वर्ष राहिले, व्रतं घ्यायची वेळ यायच्या आत परत आले. का आले तेही सांगितलं. मला तिथली मुलं आवडायची, शिकवणं आवडायचं, पण आयुष्यभराचा शब्द द्यायला माझं मन तयार नव्हतं, आणि अर्ध्या मनाने तो द्यायचा नव्हता. सेबीला हे मी दुसऱ्याच भेटीत सांगितलेलं आहे, तेही सांगितलं.

त्या मासे साफ करत राहिल्या. मग म्हणाल्या, की त्यांची स्वतःची मावशी सिस्टर होती, मठाचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना लागलं ते वेगळं. त्यांच्या धाकट्या मुलाला हे कुवेतच्या मेसमध्ये जेवताना चार परक्या माणसांनी हसत हसत सांगितलं, आणि त्याच्याकडून ते त्यांना कळलं. त्याच्या आधी आई त्यांच्या घरी येऊन, त्यांच्या हातचे तळलेले फुगे खाऊन, चहा पिऊन, डी.एड.चं सांगून गेली होती. घरात येणाऱ्या सुनेची गोष्ट सगळ्या आखाताला आधी ठाऊक आणि सासूला सगळ्यांत शेवटी, हे त्यांना सहन होईना. त्यांनी मला विचारलं, की आज जशी आलीस तशी आधी का आली नाहीस. मी निघाले तेव्हा त्यांनी मासे धुवायला घेतले होते. मला वाटलं, संपलं.

शनिवारी मदरचं पत्र फादरना मिळालं. फादर स्वतः चालत आमच्या ओट्यावर आले आणि उद्या पुकार वाचतो म्हणाले. आईने त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मात्र विचारला नाही.

रविवारी फादरांनी वाचलं. बोरआळीची उन्नती, नायगावकडचा सेबॅस्टियन, तिसरी आणि शेवटची पुकार. कुणाची काही हरकत असल्यास, एवढं ते म्हणाले आणि मधल्या बाकांतून हंसाबाई उठून उभ्या राहिल्या. त्या आमच्या चर्चमध्ये आल्यात हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. फादर वाचायचे थांबले. पुकारीच्या वेळी आजवर कुणी असं उभं राहिलेलं नाही.

त्यांनी मोठ्याने सांगितलं, की त्यांची हरकत आहे. मुलाची आई म्हणून त्या नाव घेऊन सांगत आहेत, की त्यांच्या होणाऱ्या विहीणबाई त्यांच्याशी खोटं बोलल्या. ही पहिली हरकत. ती त्या दोघींमध्ये आहे आणि ती त्या घरी मिटवतील. पण दुसरी हरकत या चर्चमधल्या माणसांवर आहे. इथल्या किती जणांनी तो कागद घडी करून खिशात घातला, किती जण तोंडं पाडून त्यांच्या घरी सांत्वनाला आले, त्यांना सगळे आठवतात. एकानेही या मुलीला स्वतःला विचारलं नाही. ज्याला काही बोलायचं असेल त्याने आता उठावं, त्या उठल्या तसं, आपलं नाव सांगावं, आणि मुलीकडे बघून बोलावं. ती ही काय समोर उभी आहे.

एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या. बाजारात प्रिंट वाटणारे दोघे-तिघे माझ्या समोरच होते, ते आपल्या चपलांकडे बघत होते. कुणी उठलं नाही. मग हंसाबाई फादरना म्हणाल्या, की झालं, आता पुढचं वाचा.

आईचे कान लाल झाले होते आणि तिने मान वर केली नाही. हंसाबाई आपल्या बाकाकडे परत गेल्या नाहीत. त्या पुढे आल्या, आईच्या बाकाशी थांबल्या. आईने सरकून जागा दिली. मिस्सा संपेपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्या दिवशी दुपारी हंसाबाई आमच्याकडे जेवल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं.

आता तुझ्या वेबसाइटचं. बंद करू नकोस. रागाने सुरू केलेली नाहीस, रागाने बंदही करू नकोस. मिस्सेच्या वेळा मी दर शनिवारी फादरना विचारून तुला कळवीन, ती बोरिवलीची माणसं पुन्हा दारात उभी राहायला नकोत. कुणाला रक्त हवं असेल, कुणाचं मयत असेल, चर्चचा हॉल कधी मोकळा आहे, ते लाव. पुकारीसुद्धा लाव, पण त्या घरच्यांना आधी विचारून. आणि नावांखालची ती चौकट काढून टाक. तिच्या जागी फादरच्या ऑफिसची वेळ लिही, आणि लिही, की ज्यांना काही सांगायचं आहे त्यांनी यावं, दार लोटता येतं.

आईने मसाला पाठवलेला नाही. बाटली भरून फडताळात पुढेच ठेवली आहे. लग्नाला ये आणि आपल्या हाताने घे, पण त्याआधी हंसाबाईंच्या पडवीत उभा राहून तोंडाने माफी माग, असा तिचा निरोप आहे. प्लासिड आजोबांनाही पत्रिका जाईल. त्यांना सांग, पहिल्या बाकावर जागा ठेवली आहे. त्यांना अजून काही विचारायचं असेल तर मी समोरच असेन.

राग थोडा शिल्लक आहे, तो लग्नात भेटल्यावर देईन. माया आहे तशीच आहे.

तुझी भाची
उन्नती